घराला पन्हळ कोणती घ्यावी: अर्धगोल, चौकोनी की 'के' आकाराची?

नमस्कार मंडळी,

आमचं घर कौलारू आहे, दोन्ही बाजूंना उतार. पागोळ्या थेट जोत्यालगत पडतात. तिथली माती उखडते, आणि उडालेल्या चिखलपाण्याने भिंत गुडघाभर उंचीपर्यंत ओली राहते. पावसाळ्याआधी पन्हळ बसवायचीच आहे, पण आकार ठरत नाही.

एका बाजूचं छप्पर १२ मीटर लांब आणि आडव्या मापाने ५ मीटर रुंद, म्हणजे ६० चौरस मीटर. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासाला १०० मिमीच्या वेगाने सर आली तर एका बाजूला मिनिटाला १०० लिटर पाणी येणार. हा हिशेब केल्यापासून नुसतं दिसायला काय बरं, यावर निवड करायची नाही हे पक्कं झालंय.

मला समजलं ते असं. अर्धगोल पन्हळीत कोपरे नसल्याने पालापाचोळा कमी अडकतो आणि पाणी पूर्ण वाहून जातं. पण तेवढ्याच रुंदी-खोलीच्या चौकोनी पन्हळीच्या तुलनेत तिच्यात साधारण ७९ टक्केच पाणी मावतं. चौकोनीत पाणी जास्त मावतं, पण उतार जरा चुकला की तळाशी साचून राहतं. 'के' आकाराची, म्हणजे मागून सपाट आणि पुढून नक्षीदार वळणाची, पन्हळ बरंच पाणी घेते आणि पुढच्या घडीमुळे ताठही राहते. मात्र तिला मागे सपाट फळी लागते. आमच्याकडे वाशांची टोकं उघडीच आहेत.

प्रश्न असे:
आकार कोणता घ्यावा? पीव्हीसी, अ‍ॅल्युमिनियम की जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा? आणि १२ मीटरला उतार किती द्यावा?

प्रतिसाद

आकाराचा विचार तुम्ही नीट केलाय, पण मी आधी पाणी खाली नेणाऱ्या पाइपाकडे बघेन. पन्हळ भरून वाहते तेव्हा बहुतेक वेळा तिचं तोंड लहान असतं किंवा पाचोळ्याने तुंबलेलं असतं. ७५ मिमीऐवजी ११० मिमीचा पाइप घेतला तर छेद दुपटीहून मोठा होतो, आणि बारीकसारीक कचरा निघूनही जातो.

वाशांची टोकं उघडी असतील तर अर्धगोलच घ्या. प्रत्येक वाशाला पट्टीचा हूक ठोकला की झालं, फळी लागत नाही. पाणी कमी मावतं ना, मग रुंदी एक माप वाढवा.

पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हात चांगलीच वाढते. १० मीटर लांबीला ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ सेंटीमीटर. जोडात तेवढी जागा सोडली नाही तर ती वाकते, जोड उघडतो. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या साधारण एक तृतीयांश वाढतं, आणि यंत्रावर जागेवरच अखंड लांबीत काढून मिळालं तर मधले जोडच नकोत. पत्रा मजबूत असतो, पण कापलेल्या कडांना आणि भोकांना रंग लावायलाच हवा, गंज तिथूनच धरतो.

प्रतिसाद

एक भर घालतो. कौलाची कड पन्हळीच्या आत साधारण एक तृतीयांश रुंदीपर्यंत यायला हवी. कमी आली तर पाणी मागे फळीवर किंवा भिंतीवर ओघळतं, जास्त आली तर जोराच्या सरीत पन्हळ ओलांडून पलीकडे पडतं. पुढची कड मागच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे तुंबली तरी पाणी बाहेरच्या बाजूला सांडेल.

उतार तीन मीटरला साधारण १० मिमी. एकाच दिशेने १२ मीटर नेलंत तर शेवटच्या टोकाला पन्हळ कौलापासून ४ सेंटीमीटर खाली जाईल. उतार दोन दिशांना विभागा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अर्धगोल आणि अ‍ॅल्युमिनियम, हे ठरलं. मधोमध दार असल्याने तिथे पाइप नको. मध्ये उंच ठेवून दोन्ही टोकांना पाइप दिले तर?

प्रतिसाद

उत्तम होईल. प्रत्येक पाइपाकडे ३० चौरस मीटरचंच पाणी येईल. पाइपाचं खालचं तोंड मात्र जोत्यापाशी सोडू नका, फरशीच्या चरातून पाणी घरापासून लांब न्या. नाहीतर आत्ता १२ मीटरभर उखडणारी माती दोन कोपऱ्यांत उखडेल.