'ॲलिबाय मार्केटिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

खोडरबर
एक लेख मराठीत करतेय, विषय मोटर रेसिंगमधल्या तंबाखूच्या जाहिराती, आणि परवापासून एका शब्दावर अडलेय. मुळात 'ॲलिबाय मार्केटिंग' असं आहे. म्हणजे ब्रँडचं नाव कुठेच लिहायचं नाही, पण रंग, पट्टे, आकार असे ठेवायचे की बघणाऱ्याच्या डोक्यात नाव आपोआप यावं, आणि कुणी हटकलं तर 'आम्ही कुठे काय लिहिलंय' म्हणून हात वर करायला मोकळे. लेखातलं उदाहरण मार्लबरो सिगारेटचं आहे, २००७ पासून फेरारीच्या इंजिन कव्हरवर दिसायचा त्या बारकोडचं, म्हणजे लाल गाडीवर पांढरी जागा आणि तिच्यात कमी-जास्त जाडीच्या उभ्या रेघा. मी 'छद्म जाहिरात' लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'बहाणा विपणन' केलंय. बहाणा विपणन!! कुणी पोट दुखायचं नाटक करून बाजार चुकवतंय असं वाटतं वाचून. कुणाकडे बरा शब्द आहे का? उद्या रात्री द्यायचंय.

उकार
छद्मला काय झालं? सरोगेट ॲडला लोक छद्म जाहिरातच म्हणतात की.

खोडरबर
तीच तर अडचण आहे. सरोगेटमध्ये नाव तेच असतं आणि माल दुसरा दाखवतात. इथे बरोब्बर उलटं, माल तोच, रंग तोच, फक्त नाव गायब. दोन्हीला एकच शब्द वापरला तर लेखातल्या दोन परिच्छेदांची खिचडी होते.

शुद्धोदन
मुळात 'जाहिरात' आली जाहीर वरून, तो शब्द अरबी, अर्थ उघड केलेलं. तेव्हा छुपी जाहिरात, छद्म जाहिरात हा सगळा वदतोव्याघात. ॲलिबाय लॅटिन, अर्थ 'दुसरीकडे'. आरोपी म्हणतो ना, गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो, ते. त्यावरून सरळ 'अन्यत्र-विज्ञापन' करा.

गोगलगाय
काका, जाहिरात अरबी म्हणून हाकलली आणि विज्ञापन हिंदीतून उचलून आणलं, हे कुठलं शुद्धीकरण?

शुद्धोदन
विज्ञापन संस्कृत आहे. हिंदीनं वापरलं म्हणून ते हिंदीचं होत नाही.

गोगलगाय
आणि मराठीनं इतकी वर्षं वापरून जाहिरात मराठी होत नाही, असंच ना?

जुनाट इंजिन
भांडा निवांत, तोवर मी थोडं मूळ सांगतो, कारण शब्द शोधताना गोष्ट काय आहे ते बघायला हवं. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती १९६५ मध्ये बंद झाल्या, अमेरिकेत १९७१ च्या सुरुवातीला. पैसा होताच, टीव्हीचं दार बंद झालं म्हणून तो टीव्हीवर दिसणाऱ्या खेळात शिरला. त्याआधी गाड्या देशाच्या रंगात असायच्या, इटलीची लाल, ब्रिटनची हिरवी, फ्रान्सची निळी. १९६८ च्या १ जानेवारीला दक्षिण आफ्रिकेच्या रेसमध्ये टीम गन्स्टन सिगारेटच्या रंगात उतरली आणि मे महिन्यात स्पेनमध्ये ब्रिटिश ड्रायव्हर ग्रॅहम हिलनं गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगातल्या ब्रिटिश लोटस गाडीत रेस जिंकली. हिरवा रंग गेला तो गेलाच.

माझ्याकडे लहानपणी एक काळी-सोनेरी खेळण्यातली गाडी होती, बोटभर लांब, बाजूला जेपीएस. मला कितीतरी वर्षं ते गाडीचं नाव वाटायचं. मोठेपणी कळलं की सिगारेट आहे, आणि आणखी मोठेपणी कळलं की मी तसा चुकलोच नव्हतो, १९७४ ची लोटस ७६ त्यांनी 'जॉन प्लेअर स्पेशल मार्क वन' म्हणूनच आणली होती. तर सांगायचं काय, याला तुम्ही प्रायोजक म्हणाल? प्रायोजक म्हणजे कार्यक्रमाच्या आधी नि नंतर ज्याचं नाव घेतात तो. इथे गाडीलाच त्याचं नाव. अमेरिकेत तर १९७१ ते २००३ नॅस्कार या मोटर शर्यतींची सगळी स्पर्धाच विन्स्टन कप, विन्स्टन म्हणजे सिगारेट. मी म्हणेन 'पोशिंदा'.

काजळी
पोशिंदा नको हो, त्यात फार माया आहे.

पण प्रायोजकवरून आठवलं. शाळेत प्रयोजक क्रियापद होतं बघा. हसणे-हसवणे, करणे-करवणे, पिणे-पाजणे. स्वतः करत नाही, दुसऱ्याकडून करवून घेतो तो प्रयोजक. एका कान्याचा फरक. सिगारेट कंपनी स्वतः शर्यत पळत नाही आणि धूरही ओढत नाही, दोन्ही दुसऱ्याकडून करवून घेते, म्हणजे अस्सल व्याकरणशुद्ध प्रायोजक तीच. बाकी बँका आणि घड्याळवाले उगाच.

उकार
हे भारी आहे. पण सिगारेट 'ओढणे'चं प्रयोजक काय? ओढवणे? 'संकट ओढवणे' मधलं?

काजळी
तसं नाहीये, पण आता असावं असं वाटायला लागलंय.

शुद्धोदन
ओढवणे वेगळा धातू. काहीही जोडू नका.

खोडरबर
प्रायोजकचा विषय निघालाच आहे तर दुसरा खड्डा दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार आहे, २००५ पासून लागू झालेला, त्यात स्पॉन्सरशिपची व्याख्या आहे. एखाद्या कार्यक्रमाला, उपक्रमाला किंवा व्यक्तीला दिलेलं कुठल्याही स्वरूपाचं 'काँट्रिब्यूशन', ज्याचा उद्देश, परिणाम किंवा संभाव्य परिणाम तंबाखूचा खप वाढवणं हा आहे. मी सवयीनं 'योगदान' लिहिलं आणि वाक्य वाचून मलाच हसू आलं, सिगारेट कंपनीचा सत्कारच चाललाय जणू. हातभार लिहिलं तर तोही सत्कर्मालाच लागतो. शेवटी 'दिलेला पैसा वा अन्य मदत' असं केलं, त्यातली 'मदत' अजून खुपतेय.

गोगलगाय
'पुरवठा' लिहा की. पैशाचा पुरवठा. रसद म्हणा.

शुद्धोदन
योगदान मुळातच हिंदीतून घुसलेलं आहे. जुना शब्द पुरस्कार. पुरः म्हणजे पुढे, पुढे करणे. पुरस्कर्ता, पुरस्कृत. स्पॉन्सरला तोच नेमका.

गोगलगाय
म्हणजे मॅक्लरेन संघाला 'मार्लबरो पुरस्कृत मॅक्लरेन' लिहायचं? वाचणारा विचारेल सिगारेटनं बक्षीस कधी दिलं.

जुनाट इंजिन
आणि ज्याला देणगी म्हणतात ते कुठे बसवायचं? १९९७ मध्ये फॉर्म्युला वनचा कारभारी बर्नी एक्लस्टन यानं ब्रिटनच्या लेबर पक्षाला १० लाख पौंड दिलेले होते, पक्ष निवडून आला आणि त्याच वर्षी फॉर्म्युला वनला तंबाखूच्या जाहिरातबंदीतून सूट द्यायचं ठरवलं. बोभाटा झाला, पैसे परत केले, पंतप्रधान ब्लेअरला टीव्हीवर येऊन मी सरळ माणूस आहे वगैरे सांगावं लागलं. त्या पैशांना त्यांच्या भाषेत डोनेशनच म्हणाले, तंबाखूच्या पैशांना स्पॉन्सरशिप. देणाऱ्याला काय हवंय हे शब्दात कुठेच दिसू नये अशीच सोय असते.

बाकी खोडरबर, तुमच्या शब्दासाठी बारकोडपेक्षा जॉर्डन संघाच्या गाड्या बघा, मजा तिकडे आहे. बेन्सन अँड हेजेस हे सिगारेटचं नाव लिहायची जिथे बंदी तिथे १९९७ ला 'बिटन अँड हिसेस', गाडीवर साप काढलेला. पुढच्या वर्षी 'बझिन हॉर्नेट्स', गांधीलमाशी. नंतर 'बी ऑन एज', ते तर सगळ्यात हुशार. रोमन लिपीत बेन्सन लिहा, मधला एन आणि एस पुसा. हेजेस लिहा, पुढचा एच आणि मागचा एस पुसा. उरलेली अक्षरं आपापल्या जागेवर तशीच. मॅक्लरेननं 'वेस्ट' या सिगारेटच्या नावाच्या जागी त्याच अक्षरवळणात 'मिका' आणि 'डेव्हिड' लिहिलं, ड्रायव्हरांची नावं. हे काय छद्म? हे तर उघड डोळा मारणं आहे.

काजळी
'डोळामार जाहिरात'. झाला शब्द.

खोडरबर
बाई डोळामार ठेवतील असं वाटत नाही :) पण अर्थ पकडलात. यात लपवणं कमी आणि 'तुला कळलं ना' जास्त आहे.

गोगलगाय
मग 'आडजाहिरात'. आडवाट, आडरान, आडनाव तसं. आडनाव म्हणजे नावाच्या आडचं नाव असं माझं आपलं मत, उत्पत्ती विचारू नका.

शुद्धोदन
विचारणारच. पण शब्द ठीक आहे, मान्य. (अरबी शेपूट सोडून.)

उकार
आडजाहिरात मला आवडला. पण खोडरबर तुम्ही 'तंबाखूचा खप' लिहिलंय, आमच्या घरी तंबाखू स्त्रीलिंगी, तंबाखू मळली. तुम्ही लेखात काय धरताय, तो की ती?

जुनाट इंजिन
तंबाखू मळला. तो.

काजळी
ती. तंबाखू कडक आहे हो, त्यात कळत नाही, पण 'चांगली तंबाखू' म्हणतात.

शुद्धोदन
पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द, त्यांच्याकडे पुल्लिंगी. तो.

गोगलगाय
अरबी नको पण पोर्तुगीजांचं लिंग चालतं!

खोडरबर
लेखात दोन्ही आलंय, आत्ता बघितलं, बरं झालं सांगितलंत. आता आणखी एक, रागावू नका. 'लिव्हरी'. गाडीची रंगरंगोटी. मी सध्या रंगसंगती लिहिलंय, पण फेरारीचं म्हणणं होतं की बारकोड हा जाहिरात नाहीच, लिव्हरीचा भाग आहे, २०१० च्या मे महिन्यात स्पेनच्या रेसआधी काढला तोवर हेच. तेव्हा हा शब्द जरा दणकट हवा, वाद त्यावरच उभा आहे.

काजळी
लिव्हरी म्हणजे मुळात नोकराचे कपडे ना? फ्रेंच लिव्हरे, देणे, मालकानं दिलेला पोशाख. मग वर्दी म्हणा. किंवा माझा लाडका शब्द, चपरास. पट्ट्यावरचा तो पितळी बिल्ला, ज्याच्यावरून चपराशी झाला. कोणाचा माणूस ते चपरास बघून कळायचं. गाडीवर ब्रँडची चपरास असते, आणि ती काढून घेतली तरी पट्टा कुणाचा आहे ते कळतंच.

शुद्धोदन
चपरास फारसीकडून आलेला.

काजळी
असू दे हो.

जुनाट इंजिन
वर्दीवरून आठवलं. १९९९ मध्ये बीएआर संघाला एक गाडी लकी स्ट्राइक सिगारेटच्या रंगात आणि दुसरी ५५५ सिगारेटच्या रंगात उतरवायची होती. एफआयएनं, म्हणजे मोटर रेसिंगचे नियम करणाऱ्या संघटनेनं, सांगितलं, एका संघाच्या दोन्ही गाड्या सारख्या दिसल्या पाहिजेत. मग त्यांनी दोन्ही गाड्या मधोमध वाटल्या, एक बाजू एका सिगारेटची, दुसरी दुसरीची, आणि मधून नाकापासून रंगवलेली झिप, अर्धी उघडल्यासारखी. नियम पाळला, चिडचिड पण दाखवली.

उकार
झिप नाही, चेन म्हणतात मराठीत.

शुद्धोदन
चेन मराठी??

खोडरबर
लोकहो, आडजाहिरात टाकून पाठवला पहिला भाग. बाईंचं उत्तर आलं, 'आड म्हणजे विहीर, वाचक गोंधळेल'. बहाणा विपणन परत आलंय. आता पुढच्या परिच्छेदात २०१८ च्या जपानच्या रेसपासून फेरारीवर आलेलं 'मिशन विनो' हे नाव आहे, तेही मार्लबरोवाल्या फिलिप मॉरिस कंपनीचंच. विनो म्हणजे पाखडणे की उफणणे?

गोगलगाय
सूप असेल तर पाखडणे, वारा असेल तर उफणणे. गाडीवर वाराच लागणार, उफणणे घ्या. भूस उडून जातं, दाणा खाली राहतो.

शुद्धोदन
विशेषनाम आहे, भाषांतर करायचं नसतं.

जुनाट इंजिन
ती गाडी सापडली काल, माळ्यावरच्या डब्यात. चाक एक नाही, बाजूची जेपीएस अक्षरं पार घासून गेलीत, नुसता काळा रंग आणि कडेची सोनेरी रेघ. भाच्यानं विचारलं कुठली गाडी, मी म्हटलं जॉन प्लेअर. तो उलटीपालटी करून बघत बसला आणि म्हणाला, कुठे लिहिलंय?

उकार
तुमच्यात माळा म्हणतात? आम्ही पोटमाळा.