मक्याची बुरशी आणि घोडीचा मेंदू: चरबीचा काय संबंध?

सातपुडाकर
राम राम मंडळी. आमची शेती शहादा तालुक्यात. गेल्या खरिपात कणसांचा ढीग खळ्यावर असतानाच पाऊस लागला. मळणीनंतर चांगला माल बाजारात गेला, चाळणीखालचा चुरा घरी राहिला. आमच्याकडे तो भरडून जनावरांना घालायची पद्धतच आहे. काकांच्या तरण्याबांड घोडीने एकाएकी चंदी टाकली. खालचा ओठ लोंबला, पाय अडखळायला लागले, मग भिंतीला डोकं लावून उभी राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, मक्यावरच्या बुरशीचं विष, ते शरीरातल्या चरबीच्या कामात अडथळा आणतं. म्हशींनी तोच भरडा खाल्ला, त्यांना काही झालं नाही. चरबीचा आणि मेंदूचा संबंध कुणी नीट समजावून सांगेल का?

भीमाकाठ
वाईट वाटलं. मक्याला दोन-तीन कडक उन्हं दाखवा, बुरशी मरते. आम्ही तेच करतो.

सुलभा_पशुखाद्य
बुरशी मरते, विष मरत नाही. पशुखाद्याची तपासणी हेच माझं काम, म्हणून हे आधी सांगते. उन्हाने दाणा वाळतो आणि पुढची वाढ थांबते, तेवढं जरूर करा. पण दाण्यात तयार झालेलं विष वाळवून किंवा उकडून जात नाही.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या विषाचं नाव फ्युमोनिसिन. फ्युजेरियम नावाची बुरशी ते तयार करते. 1988 साली दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनजवळच्या टायगरबर्गला, गेल्डरब्लोम, मारासास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं. ज्या बुरशीतून काढलं ती ट्रान्सकाय भागातल्या मक्यावरची. तिथल्या लोकांत अन्ननलिकेचा कॅन्सर फार होता, शोध तिथून सुरू झाला. त्याच वर्षी शुद्ध विष टोचल्यावर घोड्याला तुम्ही लिहिलाय तोच मेंदूचा आजार झाला.

चरबीचं कोडं सुटलं 1991 मध्ये, अमेरिकेत. आल्फ्रेड मेरिल हे स्फिंगोलिपिड नावाच्या चरबीवर काम करणारे शास्त्रज्ञ. ही साठवणीची चरबी नव्हे. पेशीचं आवरण आणि मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टन यांत ती लागते. मेरिल आणि रोनाल्ड रायली यांच्या गटाने पाहिलं की फ्युमोनिसिनची रचना स्फिंगॅनिनसारखी दिसते. स्फिंगॅनिन हा या चरबीचा कच्चा माल. त्याला फॅटी ॲसिड जोडून सिरॅमाइड, म्हणजे या चरबीचा पुढचा टप्पा, बनवायचं काम एका एन्झाइमचं, म्हणजे पेशीतली क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचं. हे विष त्या एन्झाइमच्या जागेत जाऊन बसतं, कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसं. पुढचा माल बनत नाही, आणि मागे स्फिंगॅनिन साठत जातं. तेही पेशीला घातकच. उंदराच्या यकृतातल्या पेशींवर त्यांनी हे दाखवलं.

मला स्वतःला त्यापुढचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. 1992 साली याच मंडळींनी तट्टांना विषारी मका खाऊ घालून रक्त तपासलं. यकृत बिघडल्याच्या नेहमीच्या खुणा दिसायच्या आधीच रक्तातलं स्फिंगॅनिन चढलेलं होतं. मुक्या जनावराच्या पोटात काय चाललंय, ते रक्ताचा थेंब आधी सांगतो!

मेंदूचं म्हणाल तर नुसतं वेष्टन बनत नाही म्हणून तो नासतो, इतकं सरळ नाही. नंतरच्या अभ्यासांत विष दिलेल्या घोड्यांच्या हृदयाचं आणि रक्ताभिसरणाचंही काम बिघडलेलं आढळलं. शेवटी मेंदूचा पांढरा भाग मऊ पडून विरघळतो. डोकं भिंतीला लावून उभं राहणं ही त्याचीच खूण. तिथवर गेल्यावर औषध नाही. सगळी जनावरं सारखी नसतात. घोड्याचा मेंदू जातो, डुकराच्या छातीत पाणी भरतं, गाईम्हशी बरंच सोसतात.

कृष्णाबाई_हैदराबाद
माणसांनाही बाधलंय हे. 1995 च्या सुमारास दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अवेळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांच्या पोटात कळा, गुडगुड, जुलाब सुरू झाले. इथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या रमेश भट यांच्या गटाने त्यामागे फ्युमोनिसिन असल्याचं दाखवलं. ते धान्य बंद केल्यावर लोक बरे झाले.

सातपुडाकर
सुलभाताई, इतकं समजावून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. अजून दोन घोड्या आहेत. जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली मका तपासून देणारा एक जण बाजारात बसतो, त्याला दाखवू का?

सुलभा_पशुखाद्य
नको. त्या दिव्याखाली जी चमक बघतात ती अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या दुसऱ्या विषासाठी, फ्युमोनिसिन त्यात कळत नाही. दाणा वरून चांगला दिसला तरी आत ते असू शकतं. फुटक्या दाण्यांत आणि चाळणीखालच्या चुऱ्यात सगळ्यात जास्त. तो चुरा घोड्यांच्या चंदीतून आजच काढा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस अशी, की घोड्याला द्यायच्या मक्यात हे विष किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर नसावं, आणि तो मकाही एकूण खुराकाच्या 20 टक्क्यांहून जास्त नको.

म्हशींनाही निर्धास्त घालू नका. फ्युमोनिसिन दुधात फारसं उतरत नाही, पण त्याच भिजलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन असलं तर त्याचा अंश दुधात उतरतो. दोन्हींची तपासणी करून घ्या. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर काढू नका. बरीच पोती घ्या, प्रत्येकाच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढा, एकत्र कालवा आणि त्यातलं किलोभर कागदी पिशवीत घालून पाठवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते.