आईचा आयएनआर स्थिर राहत नाही, अनुभवींची मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही परळला राहतो. आईची मायट्रल झडप बदलून धातूची बसवलीय, त्यामुळे अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आयुष्यभर आहे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा आहे. डोस एक दिवस २ मिग्रॅ, एक दिवस ३ मिग्रॅ, संध्याकाळी ठरल्या वेळी.

मध्यंतरी दाढ सुजली म्हणून मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सुरू झालं. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर आपोआप काळेनिळे डाग. तपासलं तर आयएनआर ५ च्या वर! मेट्रोनिडाझोलमुळे यकृतात अ‍ॅसिट्रॉमचा निचरा मंदावतो, म्हणून तोच डोस जास्त चढतो, असं हृदयरोगतज्ज्ञांनी समजावलं. आता आकडा खाली आलाय, पण धास्ती गेलेली नाही.

त्यात श्रावण तोंडावर. आईचे सोमवार असतात आणि एरवी घरात अळूचं फदफदं, मेथी, पालक. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टर म्हणतात, बंद करू नका, प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा. उपासाच्या महिन्यात हे तुम्ही कसं जमवता? तपासणी लवकर करून घेता का?

दुसरं, आलटूनपालटून डोसात आईचा गोंधळ होतो. आज दोनची की तीनची, हे मी ऑफिसात असताना फोनवर सांगावं लागतं. काही सोपी युक्ती?

शेजारच्या काकांना एपिक्साबॅन ही रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी आहे, त्यांना आयएनआर करावा लागत नाही. तीच गोळी आईला का नको, असं नातेवाईक सारखं विचारतात. धातूच्या झडपेला ती चालत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

प्रतिसाद:
ताई, माझ्या बाबांचीही झडप धातूचीच. कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात २ किंवा ३ लिहून ठेवा, गोळी घेतली की आईंनी स्वतः बरोबरची खूण करायची. एखादी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट अजिबात नाही. श्रावण लागायच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा आयएनआर करायचा का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, आमच्याकडे तसंच करतात. गुडघे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर रिपोर्टची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.