ड्रुइड हिलचं मैदान: वर्णभेदाच्या काळातल्या आठवणी (अनुभव धागा)

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कात १९५६पर्यंत पोहण्याचे तलाव दोन होते, एक गोऱ्यांचा आणि एक काळ्यांचा. टेनिस कोर्टंही तशीच वाटलेली. त्या भागात राहिलेल्यांनी शेजारच्या आजी-आजोबांकडून बरंच ऐकलं असेल, ते इथे लिहा. कोणाची नावं नकोत.

कैरीलोणचं
आमच्या घरमालकीणबाई तिथल्याच. काळ्यांसाठी १९२१ साली बांधलेला 'पूल नंबर दोन' हा तलाव गोऱ्यांच्या तलावाच्या जेमतेम निम्मा. गर्दी इतकी की पाळीपाळीने आत सोडायचे. वेळ संपली की बाहेर, आणि ओलेत्याने पळत पुन्हा रांगेच्या शेपटाला. मी आपली च्च् च्च् करत ऐकत होते, तर बाई चिडल्याच. "कीव कसली करतेस? मी पोहायला तिथे शिकले. तो आमचा तलाव होता." मग त्याच म्हणाल्या, "आणि दुसरीकडे येऊ कोण देत होतं?" एका दमात दोन्ही. मला पुढे काय बोलावं सुचेना. त्यांनी कॉफी ओतली.

हुतुतू
११ जुलै १९४८चा रविवार. काळी-गोरी मुलं ठरवून गोऱ्यांच्या कोर्टवर एकत्र टेनिस खेळायला उतरली आणि पोलिसांनी धरपकड केली. माझ्या ओळखीचे एक आजोबा तेव्हा बघ्यांत उभे होते. त्यांना खेळ आठवत नाही. वडिलांनी दंड घट्ट धरला होता तेवढं आठवतं.

पाणकावळा
१९५३ची गोष्ट राहिली. एक काळा मुलगा मित्रांबरोबर पटॅप्स्को नदीत पोहायला गेला आणि बुडाला. घराजवळ क्लिफ्टन पार्कचा तलाव होता, पण तो गोऱ्यांचा. तलाव खुले करण्याच्या मागणीला त्यानंतर जोर आला, आणि १९५६च्या उन्हाळ्यात ते सर्वांना खुले झाले.

गावठी
अवांतर, पण लिहितोच. पुण्याच्या हिंदू क्लबात दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांची गोलंदाजी सगळ्यांना हवी, चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. आमच्या आळीतही आमच्या संघातल्या एका पोराला पाणी वरूनच ओतायचे. ओतणाऱ्यांत मीही होतो. तो आमचा यष्टिरक्षक.

हुतुतू
@गावठी, अवांतर कसलं!

रानमेवा
पूल नंबर दोन आता भरून टाकलाय. जॉइस स्कॉट या कलावतीने १९९९मध्ये त्याचं स्मारक केलं. मध्ये हिरवळ, पण शिड्या तशाच आहेत आणि जीवरक्षकाची उंच खुर्चीही. आम्ही गेलो तेव्हा धाकट्याने शिडीचे दांडे धरून, पाठ फिरवून, पाण्यात उतरतात तसा पाय सावकाश खाली सोडला. पाय लगेच गवताला टेकला. तो तसाच दांडे धरून थोडा वेळ उभा राहिला.