सेफ्टी टाकी की दोन खड्डे? गवंडी ऐकत नाही

काळीमाती_लातूर: गावाकडच्या घरी संडास बांधतोय, माणसं सहा. बाबा आणि गवंडी दोघंही दहा बाय दहाच्या टाकीवर अडलेत, "जन्मात भरणार नाही" म्हणतात. 12,000 चं अनुदान मिळेल, पण टाकीतच त्याच्या कितीतरी पट जाईल. जमीन काळी, विहीर चाळीस फुटांवर. काय करू?

भाऊसाहेब७: टाकीच करा. आमची पंधरा वर्षं उघडलेली नाही, काही त्रास नाही.

निवृत्त_ग्रामसेविका: भाऊसाहेब, टाकीच्या आउटलेटचं पाणी कुठे जातं? गटारात असेल तर त्रास आहे, फक्त तो शेजाऱ्याला आहे! सेफ्टी टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायचीच असते. गाळ साचला की मैला तसाच बाहेर पडतो. आणि उपसायला गाडी गावापर्यंत येत नाही म्हणून माणूस उतरवतात. साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आतल्या वायूने माणसं मरतात.

लातूरकर, तुम्ही दोन शोषखड्डेच घ्या. मीटरभर खोल, विटांचं जाळीचं बांधकाम, दोन्हींत मीटरभर अंतर. मध्ये वायच्या आकाराचं चेंबर, त्यातलं एक तोंड बंद ठेवायचं. एक खड्डा भरायला पाचेक वर्षं लागतात. मग तोंड बदलायचं. भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की काळं, भुसभुशीत, बिनवासाचं खत होतं. आमच्या गावात लोक आधी नाक मुरडायचे, आता वांग्याला टाकतात.

काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर वाळू भरायला सांगा. ही वाळू गवंडी हमखास खातो, समोर उभे राहा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर येत असेल तर खड्डे उताराच्या खालच्या अंगाला घ्या आणि जमिनीपासून थोडे उचलून बांधा.

2022 साली जगात उघड्यावर जाणारे सुमारे 42 कोटी होते, पण मैल्याची सुरक्षित व्यवस्था नसलेले 350 कोटी. म्हणजे बहुतेकांकडे संडास आहे, घोळ भांड्याच्या पुढे आहे.

काळीमाती_लातूर: आभार ताई. वासाचा पाइप किती उंच लावू?

निवृत्त_ग्रामसेविका: लावूच नका. वायू मातीत मुरतो. भांडं मात्र तीव्र उताराचं, ग्रामीण पॅन घ्या, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. शहरी भांड्याला बादली लागते आणि खड्डा पाण्यानेच भरतो. बाबांना माझा नंबर द्यायचा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.