रॉकचं दिनविशेष: दोन तारखा सापडल्या तर कुठली धरायची?

सप्तक७:
नमस्कार मंडळी. रॉक संगीताचं दिनविशेष तयार करतोय, पण एकाच घटनेच्या दोन-दोन तारखा मिळतात. बीटल्सचा अल्बम 'सार्जंट पेपर' २६ मे की १ जून १९६७? अमेरिकेतला वुडस्टॉक संगीत महोत्सव १७ ऑगस्टला संपला की १८ला? 'निर्वाणा' बँडचा गायक कर्ट कोबेन याचा स्मृतिदिन ५ एप्रिल की ८?

बेसवाला:
आधी तक्त्यात जाहीर प्रकाशन आणि प्रत्यक्ष विक्री असे वेगळे रकाने करा, शेजारी देश लिहा. 'सार्जंट पेपर'ची ब्रिटनमधली जाहीर तारीख १ जून, पण तबकड्या २६ मेलाच दुकानांत आल्या होत्या. अमेरिकेत २ जून. मुख्य नोंद १ जूनलाच ठेवा.
कोबेनचा मृतदेह ८ एप्रिल १९९४ला सापडला, म्हणून बातम्यांत ती तारीख. मृत्यू मात्र ५ एप्रिलचा मानतात. स्मृतिदिन ५लाच.

जुनी_तबकडी:
वुडस्टॉकच्या पोस्टरवर १५, १६, १७ ऑगस्ट १९६९ छापलंय आणि बरेच जण तेच उतरवून घेतात. पावसाने वेळापत्रक कोलमडलं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तो सोमवारी, १८ तारखेला सकाळी, तोवर बहुतेक गर्दी पांगली होती. त्याने गिटारवर वाजवलेलं अमेरिकेचं राष्ट्रगीत १७ तारखेखाली टाकू नका. आणि जागा न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावची, वुडस्टॉक गावची नव्हे.
मध्यरात्रीच्या आसपासच्या घटनांना घटनास्थळाचं घड्याळ लावा. विमान अपघातात गेलेला गायक बडी हॉली याचा शेवटचा कार्यक्रम २ फेब्रुवारी १९५९च्या रात्री. विमान उडालं मध्यरात्रीनंतर, म्हणून अपघात ३ला. बीटल्सच्या जॉन लेननची हत्या न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबर १९८०च्या रात्री झाली, तेव्हा लंडनमध्ये ९ तारीख लागली होती.

बेसवाला:
बरोबर. शिवाय वार तपासा, चूक लगेच पकडता येते. १९९०च्या दशकात अमेरिकेत अल्बम मंगळवारी यायचे. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'चा २४ सप्टेंबर १९९१ मंगळवारच आहे. १० जुलै २०१५पासून जगभर शुक्रवार.

जुनी_तबकडी:
अजून एक. ३० जानेवारी १९६९पुढे 'बीटल्सची शेवटची मैफल' एवढंच लिहू नका. तिकीट लावलेली शेवटची मैफल २९ ऑगस्ट १९६६ची, सॅन फ्रान्सिस्कोत. ३० जानेवारीचं, लंडनमधल्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या इमारतीच्या गच्चीवरचं वादन सुमारे ४२ मिनिटांचं, बिनतिकीट, आणि लोकांसमोर एकत्र वाजवण्याची शेवटची वेळ. तिथला वारा माइकमध्ये घुसू नये म्हणून माइकवर बायकांचे पायमोजे चढवले होते. हे नोंदीत जरूर घ्या, ती थंडी डोळ्यांपुढे उभी राहते.