पंच, परीक्षक आणि खिरापत : फिगर स्केटिंगच्या गुणांवरील तक्रारींसाठी नेमके शब्द कोणते?

मूळ लेखन (धंतोली, नागपूर)

पुरुषांच्या फिगर स्केटिंगची एखादी मोठी स्पर्धा संपून गुण जाहीर झाले की आमच्या नागपूरच्या रसिकमंडळींत मराठीतून जी चर्चा रंगते, तिच्यात ‘अन्याय’, ‘पक्षपात’, ‘लुटले’, ‘खिरापत वाटली’ आणि ‘झुकते माप दिले’ हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. तक्रार कळवळ्याने केलेली असते, परंतु शब्द सैल असल्यामुळे ती नेमकी कोणाविरुद्ध आहे हे कळत नाही आणि दोघे जण दोन वेगळ्या गोष्टींवर तावातावाने भांडत राहतात. म्हणून हा विषय येथे मांडते आहे.

माझ्या मते पहिला घोळ ‘पंच’ आणि ‘परीक्षक’ या शब्दांपाशीच होतो. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर पंच असतात, तर राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर परीक्षक असतात, आणि आपण सहसा यांची अदलाबदल करत नाही. काय घडले याचा निवाडा पंच करतो, घडले ते कितपत चांगले होते हे परीक्षक ठरवतो. फिगर स्केटिंगमध्ये ही दोन्ही कामे आहेत आणि ती वेगवेगळ्या माणसांकडे आहेत. तांत्रिक पॅनेलमधले तिघे उडी कोणती होती, फेरे पूर्ण झाले की नाही, हे ठरवतात. नऊ जणांचे दुसरे मंडळ प्रत्येक घटकाच्या (उडी, गिरकी वगैरे) दर्जाला उणे ५ ते अधिक ५ यांपैकी एक अंक देते आणि रचना, सादरीकरण व स्केटिंगचे कौशल्य यांना दहापैकी गुण देते. त्यांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वगळून उरलेल्या सातांची सरासरी काढली जाते. पहिल्या तिघांना ‘पंच’ आणि दुसऱ्या नवांना ‘परीक्षक’ म्हटले, तर अर्धी भांडणे तिथेच मिटतील असे मला मनापासून वाटते.

फरक किती पडतो ते एका उडीवर पाहू. क्वाड म्हणजे हवेत चार फेरे घेणारी उडी. तिच्यातल्या टो लूप या प्रकाराचे मूळ गुण ९.५० आहेत आणि दर्जाची प्रत्येक पायरी मूळ गुणांच्या १० टक्के धरली जाते. उडी पूर्ण मानली गेली आणि दर्जाची सरासरी अधिक ३ आली, तर १२.३५ गुण होतात. उतरताना पाव फेऱ्याहून अधिक, पण अर्ध्याहून कमी फेरा अपुरा राहिला असे पंचांनी ठरवले, तर मूळ गुण ७.६० वर येतात, आणि परीक्षकांची सरासरी उणे २ झाली तर हाती ६.०८ राहतात. एका उडीमागे सहाहून अधिक गुणांचा हा फरक आहे, आणि त्याची सुरुवात पंचांच्या एका चिन्हाने होते. अपुरी उडी पूर्ण धरली गेली, अशी आपली तक्रार असेल तर तिला ‘डोळेझाक’ हा शब्द चपखल बसतो. ‘पक्षपात’ म्हणायचे तर हेतूही सिद्ध करावा लागेल.

आपली मते जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद (महाल)

‘खिरापत’ या शब्दाबद्दल लिहितो, कारण त्याचा दुरुपयोग मला सर्वाधिक खटकतो. आपल्या विदर्भात भुलाबाईची गाणी झाली की खाऊ वाटतात, आरती किंवा कीर्तन संपले की खिरापत वाटतात. ती आलेल्या प्रत्येकाच्या हातावर पडते आणि देणारा तोंड पाहून देत नाही. त्यामुळे एकाच नावाजलेल्या खेळाडूला रचनेचे आणि सादरीकरणाचे गुण सढळ हाताने मिळाले आणि इतरांना मिळाले नाहीत, तर त्याला खिरापत म्हणता येणार नाही. तिथे ‘झुकते माप’ हाच शब्द योग्य आहे, कारण त्यात एकाच्या बाजूने ताजवा कलल्याचा अर्थ आहे.

खिरापत कुठे शोभते, तर देशोदेशींच्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या गुणांना. तिथे हात सैल असतो, ही चाहत्यांची जुनी तक्रार आहे आणि हे सैलपण बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला येते. अमेरिकेच्या नेथन चेनला २०१९ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत एकूण ३४२.२२ गुण मिळाले, परंतु राष्ट्रीय स्पर्धांचे आकडे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना विक्रमासाठी धरत नाही. त्याच वर्षी ट्युरिनच्या ग्रां प्री अंतिम स्पर्धेतले त्याचे ३३५.३० गुण मात्र विक्रम म्हणून नोंदले गेले. चेनचे कौशल्य वादातीत आहे. मुद्दा केवळ शब्दाचा आहे.

झुकते माप किती झुकले हेही मोजता येते. प्रत्येक खेळाडू एक लघु आणि एक दीर्घ असे दोन कार्यक्रम सादर करतो. पुरुषांच्या दीर्घ कार्यक्रमात रचना, सादरीकरण आणि कौशल्य या तीन बाबींच्या गुणांना ३.३३ ने गुणतात. सगळ्या परीक्षकांनी तिन्ही ठिकाणी केवळ पाव गुण जास्त दिला, तरी एकूण सुमारे अडीच गुण वाढतात.

प्रतिसाद (प्रतापनगर)

‘लुटले’ हा शब्द २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकपासून पुरुषांच्या स्पर्धेला जणू चिकटलेलाच आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. अमेरिकेच्या एव्हान लायसाचेकने एकही क्वाड न मारता २५७.६७ गुणांनी सुवर्ण जिंकले आणि दीर्घ कार्यक्रमात क्वाड व तिहेरी टो लूपची जोडउडी मारणारा रशियाचा येवगेनी प्लुशेंको २५६.३६ वर थांबला. अंतर १.३१ चे होते. प्लुशेंकोच्या चाहत्यांचा संताप मी समजू शकते, परंतु गुणपत्रक पाहिले तर दीर्घ कार्यक्रमात सादरीकरणाच्या बाजूचे दोघांचे गुण सारखेच, ८२.८० होते. लायसाचेकने आघाडी घेतली ती उड्यांच्या आणि इतर घटकांच्या बाजूने, म्हणजे त्या वेळच्या कोष्टकाने घटकांना जे मोल दिले होते त्यातून. लुटायला लुटारू लागतो, आणि इथे तो दाखवता येत नाही. तक्रार असलीच तर ती नियमाविरुद्ध आहे: क्वाडला पुरेसे मोल नव्हते, ती ‘कवडीमोल’ नसली तरी ‘स्वस्त’ ठरली. पुढच्याच हंगामात क्वाडचे मूळ गुण वाढवण्यात आले, हे त्या तक्रारीत तथ्य असल्याचे लक्षण मानता येईल.

याउलट २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरु हान्यूचे पाऊल लघु कार्यक्रमात बर्फातल्या खाचेत अडकले, पहिली उडी एकाच फेऱ्याची झाली आणि तो आठव्या स्थानावर गेला. दीर्घ कार्यक्रमात त्याने क्वाड अ‍ॅक्सलचा, म्हणजे साडेचार फेऱ्यांच्या उडीचा, प्रयत्न केला, त्यात तो पडला, फेराही अपुरा ठरला आणि शेवटी तो २८३.२१ गुणांसह चौथा आला. त्या दिवशी आमच्यापैकी अनेकांनी ‘अन्याय’ असे लिहिले. अन्याय कोणी केला? ती शुद्ध हळहळ होती, आणि हळहळीला आरोपी लागत नाही.

प्रतिसाद (सदर)

‘गुणदान’ हाच शब्द ठेवावा. ‘गुणांकन’ यंत्रानेही होते. दानात देणारा माणूस दिसतो.

मूळ लेखिका

महालच्या प्रतिसादातील खिरापतीचा अर्थ मला पूर्ण पटला आणि यापुढे मी तो तसाच वापरीन. ‘पक्षपात’ आणि ‘संगनमत’ यांतही असाच भेद पाळायला हवा. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्पर्धेत जे प्रकरण गाजले, ते संगनमताच्या आरोपाचे होते. त्यानंतर सहा गुणांची जुनी पद्धत गेली आणि आजची आली. पण त्याच काळात कोणत्या परीक्षकाने कोणते गुण दिले हे लपवण्याची प्रथाही आली, ती २०१६ मध्ये बंद होईपर्यंत पक्षपाताचा आरोप चाहत्यांना नेमकेपणाने करताच येत नव्हता. आता कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे उघड दिसते. म्हणून आता पुराव्याशिवाय पक्षपात म्हणणे अधिकच अनुचित आहे, आणि पुरावा असताना नुसते ‘झुकते माप’ म्हणून सोडून देणेही.

प्रतिसाद (मनीषनगर)

एक शब्दप्रयोग राहून गेला: ‘हातचे राखून’. अनोळखी देशाचा तरुण खेळाडू सुरुवातीच्या गटात उतरतो, उत्तम खेळतो आणि तरीही त्याचे सादरीकरणाचे गुण सातच्या आसपास राहतात, कारण नावाजलेले खेळाडू अजून यायचे असतात, अशी तक्रार चाहते वर्षानुवर्षे करत आले आहेत. यात डोळेझाक नाही, कारण पंचांनी उड्या पूर्ण धरलेल्या असतात. झुकते मापही नाही, कारण कोणाला जास्त दिलेले नसते. परीक्षकाने हातचे राखून गुण दिले, एवढेच म्हणणे योग्य. शेवटच्या गटातील खेळाडू पडला, तरी त्याचे तेच गुण नऊच्या वर राहिले, तर मात्र त्या खेळाडूपुरता ‘झुकते माप’ हा शब्द वापरायला माझी हरकत नाही.